कुंताबाईचं पुढचं दार

कुंता भानारकरच्या घराला पुढून दार आहे, हे ढिवरमोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांना ठाऊकच नव्हतं. दार होतं, आणि चांगलं सागवानी, दोन फळ्यांचं होतं. पण ते इतकी वर्षं बंद, की फटींत मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचे बोळे कोंबून वरून माती लिंपलेली. घरात यायचं ते मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, वालाच्या मांडवाखालून वाकून, न्हाणीच्या निसरड्या दगडावर पाय जपत. कारण एकच. पुढचं दार उघडलं की समोर उकिरडा.

साधा उकिरडा असता तर कोणीतरी कधीतरी उचलला असता. हा मारबतीचा होता.

या भागात पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या रोवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी मारबत. उजाडता उजाडता ते मेढे उपटायचे, घराच्या कानाकोपऱ्यातून फिरवायचे, आणि "खासी-खोकला, ढेकूण-मच्छर घेऊन जाऽ गे मारबत!" असं ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे. मागं वळून पाहायचं नाही. पाय धुतल्याशिवाय घरात शिरायचं नाही. चांगली रीत आहे. वर्षातून एकदा घर कोपऱ्यापर्यंत झाडलं जातं आणि पोरांना मनसोक्त बोंबलायला मिळतं.

घोटाळा असा झाला, की शीव होती तिथेच राहिली आणि गाव पुढे निघून गेलं. कुंता लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अंगणासमोर शिवेचा दगड होता, एक पळस होता आणि पलीकडे धानाच्या बांध्या. मग ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, बांध्यांचे प्लॉट पडले, पलीकडे स्लॅबची घरं उठली. शीव गावाच्या पोटात आली, पण मारबत तिथेच पडत राहिली. आणि जिथं गावाची रोगराई टाकतात तिथं आणखी काही टाकलं तर काय बिघडलं? आधी फुटकी मडकी आली, मग मेलेल्या माणसांच्या गोधड्या, कुजकी जाळी, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, शेवटी कोंबडीवाल्याची पिसं. टाकायला सगळा मोहल्ला. उचलायला कोणी नाही. कारण शिवेबाहेर घातलेल्याला पुन्हा हात लावायचा नसतो. आळसाला रीतीचं नाव दिलं की त्याला कोणी बोलत नाही.

कुंता बोलत असे. ती काही समाजसेविका नव्हे. नवरा घनश्याम सोसायटीच्या तलावात जाळं टाकायचा आणि ती मासोळी विकायची. गावच्या बाजारात, आठवडी बाजाराला जीपगाडीनं ब्रह्मपुरीत. तिचा आवाज असा, की या टोकाला भाव सांगितला तर त्या टोकाचं गिऱ्हाईक घासाघीस सुरू करी. त्या आवाजात तिनं उकिरड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घातल्या. लोक ऐकून घेत, पिशवी टाकत, जात. शेवटी तिनं दार लिंपून टाकलं.

थोरल्या हर्षाचं लग्न झालं तेव्हा मात्र तिला ते फार लागलं. पाठवणीची वेळ, पोरगी रडतेय, आणि फोटोवाला ओरडतोय, "काकू, ते न्हाणीचं पाणी जरा बंद करा ना, फोटोत दिसून राह्यलं." हर्षाच्या अल्बमात आजही तिच्या शालूमागे प्लास्टिकची बादली आहे. कुंता तो अल्बम उघडत नाही.

आता धाकट्या निकेशचं जमत होतं. तो ब्रह्मपुरीत मोटरसायकली दुरुस्त करतो; सरळ पोरगा. मुलगी उर्वशी, गोंडपिपरीकडची, बारावी झालेली. तिची आई आशाबाई घर पाहायला आली. ही बाई बोलायला कुंताच्याही वरताण. घराला एक वळसा घालून, वालाचा वेल केसांतून सोडवत ती आत शिरली आणि टेकायच्या आधीच म्हणाली, "काय जी, तुमच्या घराले पुढून दारच नाई का?"

घनश्याम हसला. त्याला कुठे हसावं ते कधीच कळलं नाही. कुंताचं तोंड मात्र मिरची चावल्यासारखं झालं.

"हाय ना," ती म्हणाली. "लग्नापर्यंत उघडते. तुमची पोरगी मागून येनार नाई."

सोयरीक झाली. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं. शब्द मात्र तोंडातून गेला होता, आणि तो आशाबाईसारखीला दिलेला. तो मोडला असता तर ती जन्मभर चारचौघांत सांगत फिरली असती.

त्याच पावसाळ्यात नगरपंचायतीला शहर सुंदर करायचा झटका आला. वरून मोहीम आली होती, स्पर्धा होती. ते काम साधना नावाच्या मुलीकडे दिलेलं. चंद्रपूरची, शिकलेली, स्कूटीवर फिरणारी. कामाला वाघ, पण गावाला विचारायची सवय नव्हती. तिनं आधी चित्रकार पाठवले. रस्त्याकडेची प्रत्येक भिंत रंगवायची आणि जिल्हा जंगलाचा, म्हणून जिथं तिथं वाघ काढायचा. कुंता बाजाराला गेली होती. घनश्याम जाळं विणत बसला होता. चित्रकारांनी विचारलं, "काका, हे दार उघडता का?" तो म्हणाला, "नाई." त्यांनी विचारलं, "मग यावर काढू?" तो म्हणाला, "काढा."

कुंता परतली तर वाघाचं तोंड भिंतीवर आणि पोट तिच्या दारावर.

"अजी, माझ्या दारावर जनावर बसवलं तुमी?"

"चांगला दिसते ना वं. उकिरड्याकडे पाहून गुरगुरते."

दुसऱ्या दिवशी कुंता टोपलीसकट नगरपंचायतीत. साधनापुढे टोपली आदळून म्हणाली, "मॅडम, वाघ काढला, आता त्याच्यापुढचं जेवन उचला." तेव्हा साधनानं पहिल्यांदा नीट विचारलं, नीट ऐकलं. उकिरडा उचलू, तिथं दोन बाकं टाकू, झाडं लावू म्हणाली. कुंता खूश. मारबतीचं मात्र सांगायचं राहिलं. सांगायचं राहिलं की मुद्दाम राहू दिलं, ते तिलाच ठाऊक.

रविवारी जेसीबी आला. मोहल्ला लांब उभा राहून पाहत होता. कोणी हात लावला नाही, कोणी अडवलंही नाही. ढीग ट्रॉलीत गेला, जागा मोकळी झाली, कुंतानं फटीतले बोळे काढायला घेतले. आणि इथं माशी शिंकली. कचऱ्याच्या डेपोचा रस्ता चिखलानं बंद होता. समाजमंदिराजवळ एक मोठा डबरा होता आणि तो बुजवा म्हणून मोहल्ल्यानंच अर्जावर अर्ज केले होते. ट्रॅक्टरवाल्यानं दोन्ही कामं उरकली. सगळा ढीग त्या डबऱ्यात ओतला आणि वर मुरूम टाकून चपटा केला.

आठवडाभरात मोकळ्या जागेवर बाकं आणि रोपं लागली, आणि मोहल्ल्यात ताप आला. पावसाळ्यात दरवर्षी येतो. पण या वेळी तापाला कारण सापडलं होतं. सगळ्यांच्या तोंडी एकच: बाहेर घातलेली मारबत कुंतानं गावात आणवली.

पुढं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावात होणार नाही. एका सकाळी कुंताला जाग आली ती फावड्यांच्या आवाजानं. मागून फिरून बाहेर येऊन पाहते, तर सगळा मोहल्ला समाजमंदिरापासून तिच्या दारापर्यंत ओळ लावून उभा. बाया, बाप्ये, कॉलेजातली पोरं. घमेली हातोहात सरकतायत, आणि डबऱ्यात गेलेला कचरा वाजतगाजत परत आपल्या जागी येतोय. ज्यांनी जन्मात एक कागद उचलला नाही ते घामाघूम होऊन सडक्या गोधड्या वाहत होते. साधनानं लावलेली रोपं खाली गेली. बाकं गेली. आणि ओळीच्या मधोमध घनश्याम.

"अजी! तुमी पन?"

"सगळे उचलून राह्यले तं मी एकटाच बसू का?"

"इतके वर्स बसलेच होते ना!"

शेजारची सोमारी घमेलं पुढे देत म्हणाली, "बोलू नको वं कुंता. तुले दार पाहिजे होतं, आमाले दवाखाना मिळाला."

कुंता घरात आली आणि न्हाणीच्या दगडावर बसली. डोक्यात नुसता जाळ. शिव्या सुचत होत्या, पण त्या घालायला माणसं हवीत आणि सगळी माणसं कामात. ती आवाज ऐकत राहिली. घमेलं, घमेलं, घमेलं. दुपारच्या आत ढीग जागेवर आला. काम झालं, लोक हातपाय धुवायला गेले, आणि तेव्हा तिच्या मनात आलं: जेसीबीला सबंध दिवस लागला होता! या लोकांना कचरा उचलता येत नाही असं कोण म्हणतं? फक्त तोंड उलट्या बाजूला होतं.

संध्याकाळी ती रामाजींकडे गेली. रामाजी मोहल्ल्यातले सर्वांत म्हातारे. मारबतीची पहिली आरोळी त्यांची. त्यांनी ओरडल्याशिवाय कोणी मेढा उपटत नाही. ते घरापुढच्या सपरीत बसून जाळ्याचं भोक शिवत होते. कुंताला पाहून मान वर केली नाही.

"काय वं, आता काय पाडाचं हाय?"

"भाऊ, यंदा मारबत नहराच्या पलीकडे न्या."

"शीव का लुगड्याचा पदर हाय, इकडून तिकडे सरकवाले? बापजाद्यानं घातली ते."

"प्रफुल कुठी राह्यते तुमचा?"

प्रफुल म्हणजे रामाजींचा धाकटा मुलगा. उकिरड्यापलीकडच्या प्लॉटवर त्यानं घर बांधलं होतं.

"तुले मालूम नाई का? पलीकडे."

"म्हंजे शिवेच्या बाहेर. आपन दरसाल साऱ्या गावाचा खोकला नेऊन प्रफुलच्या दारात टाकून राह्यलो. मंग त्याच्या पोरीचा खोकला जाईन कसा?"

रामाजींची सुई थांबली. नातीचा, रीताचा खोकला खराच होता. दोन हिवाळे झाले, जात नव्हता. पलीकडच्या चाळीस-पन्नास घरांत त्यांच्या ओळखीचे, नात्याचे किती, हे बहुधा ते तेव्हा पहिल्यांदा मोजत असावेत.

"हे तुले त्या मॅडमनं शिकवलं?"

"ते काय शिकवन! तिले पळस अना पिंपळ एकच दिसते."

म्हाताऱ्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. त्यानं सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग म्हणाला, "नुसती मारबत पुढं नेऊन भागत नाई. शिवेचा दगड न्या लागन. अना दगड पुढं गेला, तं हा सारा ढीग गावात आला. तो इथी ठेवता नाई येनार. तोही न्या लागन, मारबतीसंगं, त्याच दिवशी."

हेच वाक्य कुंता आल्यापासून जिभेवर धरून बसली होती. पण भाव गिऱ्हाइकाच्या तोंडून निघाला की सौदा मोडत नाही, हे तिला बाजारानं शिकवलं होतं. ती म्हणाली, "तुमी म्हनान तसं, भाऊ."

मग नगरपंचायत. साधना रागावलेलीच होती, आणि का नसावी? बाकं पुरली गेली होती, वरचे साहेब तिला विचारत होते. कुंतानं या वेळी मारबत, मेढे, शीव, सगळं सांगितलं. साधना डोकं धरून म्हणाली, "काकू, हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाई. मी सांगतलं नाई. झालं बरोबर. आता आयक."

डेपोचा रस्ता मुरूम टाकून तयार हवा. ट्रॅक्टर हवे, पण ते लोकांच्या मागून चालतील, पुढं नाही. भाषण नको, फलक नको, नारळ फोडायला कोणी साहेब नको. साधना म्हणाली, निदान व्हिडिओ तरी काढू द्या, स्पर्धेला लागतो. कुंतानं विचार केला आणि एका व्हिडिओची मुभा दिली.

"पण काकू, दुसऱ्या दिवशी लोक परत तिथंच टाकतील."

"टाकतीन ना. कारन तुझी घंटागाडी येते तवा आमी बाया बाजारात राह्यतो, नाई तं धानाच्या रोवण्यावर. घरी म्हातारे. ते का पिसव्या घेऊन पळतीन गाडीमागं? आमी बाजारातून आल्यावर गाडी पाठव."

साधनानं त्यावर लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस ड्रायव्हरांशी भांडली आणि मग म्हटलं. हे तिचं कौतुक, नोंदवलं पाहिजे. हो म्हणणारे पुष्कळ असतात. भांडून येऊन हो म्हणणारे थोडे.

पोळा झाला. मेढे रोवले गेले. मारबतीच्या पहाटे रामाजी काठी टेकत शिवेच्या दगडापाशी आले. त्यांनी दगडाला हात लावला, प्रफुलनं आणि निकेशनं तो सब्बलीनं उचकटून काढला. दगड इतका लहान निघाला की सगळे जरा खट्टू झाले. इतकी वर्षं त्याला केवढा समजत होते. मग रामाजींनी छाती भरून आरोळी दिली, "घेऊन जाऽ गे मारबत!" आणि मोहल्ला सुटला.

एका हातात मेढा, दुसऱ्या हातात, डोक्यावर, कमरेवर जे मावेल ते. पोरं ओरडत होती. कोणी खोकला घालवत होतं, कोणी खरूज, एकानं गणिताचे गुरुजी घालवले. सोमारीनं सुनेकडे बघत "घरातला आळस घेऊन जाऽ गे मारबत" म्हटलं, तर सून मागून म्हणाली, "अना सासूची चुगली!" पलीकडच्या प्लॉटवाल्यांनी आधी दारं लावून घेतली होती. पण मिरवणूक या वेळी त्यांच्या दारापुढे थांबली नाही, पुढे गेली, हे पाहून तीही माणसं आपापल्या घरातलं काय काय घेऊन मागून निघाली. जे हातांनी हललं नाही ते ट्रॅक्टरनं उचललं. नहराच्या पुलापलीकडे, डेपोच्या फाट्याशी रामाजींनी दगड ठेवला. तिथं मेढे पडले. ढीग डेपोत गेला. साधना चिखलात उभी राहून व्हिडिओ काढत होती, परत निघताना तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा चार बाया एकदम ओरडल्या, "मॅडम! पुढं पाहा!"

सगळे आले का? नाही. दोन-तीन घरं, रामाजी बाटले असं म्हणत, घरात बसून राहिली. बसोत.

कुंता परतली ती सवयीनं घराला वळसा घालून मागं निघाली. सोमारीनं हटकलं, "काय वं, चोरासारखी कुठी चालली?"

कुंता थांबली. समोरची जागा ओली, काळी, मोकळी होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. मागं खोलवर पळसाचं एक जुनं खोडसुद्धा निघालं होतं. आतून घनश्याम सब्बल घेऊन दाराशी झटत होता. आधी माती पडली, मग बोळे, मग फळ्या करकरल्या आणि वाघाचं पोट मधोमध फाटून त्यातून घनश्याम बाहेर आला, केसांत माती, चेहऱ्यावर भलतंच हसू. त्याला हसायची खरी जागा जन्मात एकदा सापडली. कुंतानं तिथंच उंबऱ्याशी पाय धुतले आणि आत गेली.

गाव एका दिवसात शहाणं होत नाही. आठ दिवसांत कोपऱ्यावर पिशवी पडली. पण आता कुंता मासोळीची टोपली घेऊन पुढच्या दारात बसते. पिशवी कोणाची ते तिनं पाहिलं होतं; ती तिनं उचलून सोमारीच्या सपरीत नेऊन ठेवली आणि काही न बोलता परत आली. ओरडणारी कुंता सगळ्यांच्या सवयीची होती. न बोलणारी जड गेली. साधनानं नवी बाकं पाठवली. त्यांवर रामाजी आणि त्यांची नात बसतात. तिचा खोकला अजून आहे, पण प्रफुल आता तिला ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे नेतो. मारबतीवर किती सोडायचं ते त्यालाही कळलं. स्पर्धेत गावाला काहीच मिळालं नाही. व्हिडिओत आवाज फार होता म्हणे.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. उर्वशी पुढच्या दारानं आली. उंबऱ्यावरचं माप ओलांडताना तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि निकेशला हळूच विचारलं, "हा वाघ अर्धा-अर्धा काऊन?"

स्वागत-समारंभाच्या दिवशी गोंडपिपरीची मंडळी जीपगाडीनं आली. आशाबाई सगळ्यांच्या पुढं. आहेराची पिशवी सांभाळत, लुगडं वर धरून ती घाईघाईनं घराला वळसा घालून वालाच्या मांडवाखाली वाकली.

कुंता पुढच्या दारात उभी होती. तिनं बाजारातला आवाज काढला.

"आशाबाई! तिकडून कुठी? घराले पुढून दार हाय!"